भरून आलेली डबी

सोनालीनं साखर तपासायची नवी मशीन आणली, त्या दिवशी कस्तुराबाईंनी ती खालून-वरून न्याहाळली आणि विचारलं, "आगं, चिप कुठं घालायची हिच्यात?"

"चिप नसतीय आता, आत्याबाई. पट्टी खुपसली की झालं."

"आन नंबर?"

"नंबरबी जुळवायचा न्हाय. मशीनचं मशीनला कळतंय."

"कळतंय म्हनं!" कस्तुराबाईंनी नाक मुरडलं. "इतकी वर्सं नंबर जुळवले म्या, डोळं फुटंस्तवर जुळवले, तरी चकले. हिला बरं कळतंय!"

सून हसली आणि कामाला लागली. कस्तुराबाई मात्र मशीन मांडीवर घेऊन ओट्यावर तशाच बसून राहिल्या. आधी या घरात साखर होती ती दगडोबांना. ती त्यांच्याबरोबर गेली म्हणावं, तर मागच्या पावसाळ्यात बाईंच्याच रक्तात निघाली. "जाताना मालकांनी माज्या नावावर काय केलं, तर ही," असं त्या आल्यागेल्याला सांगतात आणि स्वतःच हसतात. ते हसणं फार टिकत नाही. दगडोबांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

तुम्ही म्हणाल, एवढीशी चिप, ती नसली म्हणून म्हातारीनं एवढं खिन्न व्हायचं काय कारण? तर बाबांनो, ती चिप होती तेव्हा बेंबळीच्या त्या गल्लीतली सकाळ कशी उगवायची, हे तुम्ही पाहिलेलं नाही.

कस्तुराबाई म्हणजे माकणीची पोर. माहेरी चार इयत्ता शिकली, पाचवीला बसायच्या आधी बेंबळीला दगडोबांच्या घरी सून म्हणून आली. अक्षरं जरा अडखळत वाचायची, पण आकड्याला पक्की. आणि नवरा कसा मिळाला? तर गोडावर जीव टाकणारा. लग्नात पंगतीला बसला की वाढप्याला जिलबीचं ताट घेऊन पुढं जाऊच द्यायचा नाही. म्हैस व्याली की तिच्यासाठी आणलेला गूळ अर्धा म्हशीच्या पोटात, अर्धा मालकाच्या. भूमकडं कुणी निघालं की दगडोबा आधी कुंथलगिरीच्या पेढ्याचं बजावणार, मग ख्यालीखुशाली विचारणार. धाराशिवच्या डॉक्टरनं त्यांना साखर झाल्याचं सांगितलं, तेव्हा हा गडी हसत बाहेर आला. "साखरच ना? म्या म्हनलं, काय तरी कडू निघालं."

त्या कडूपणाची ओळख पुढं झाली. सकाळ-संध्याकाळ पोटात सुई टोचायची वेळ आली. मग पुण्याच्या लेकानं, युवराजनं, घरी साखर तपासायची मशीन पाठवून दिली.

तेव्हाच्या मशीनची तऱ्हा अशी होती. पट्ट्यांची डबी विकत आणली की डबीबरोबर नखाएवढी चिप यायची. ती मशीनच्या पाठीत बसवायची, की मशीनवर एक नंबर उमटायचा. तोच नंबर डबीवर छापलेला असला, तरच बोट टोचायचं. डबी बदलली की चिपही बदलायची. का, तर भज्यांचे दोन घाणे कधी सारखे उतरतात का? तसंच पट्ट्यांचं. ह्या घाण्याच्या पट्टीला त्या घाण्याची चिप लावली की मशीन बिनदिक्कत खोटं बोलायची. मेडिकलवाल्यानं हे एकदाच समजावलं आणि कस्तुराबाईंनी गाठ मारून ठेवलं.

"आधी नंबर, मग बोट," हा त्यांचा कायदा. चष्मा सापडला नाही तर डबी उन्हात धरायच्या, मशीन उन्हात धरायच्या, नंबर मोठ्यानं दोनदा वाचायच्या. दगडोबा बोट पुढं करून ताटकळत बसायचे. "आगं, आपल्या लग्नात जोशीबुवानंबी एवढं जुळवलं नव्हतं!"

"जुळवलं आसतं तर माजी आसली गत झाली नसती," बाई उत्तर द्यायच्या, आणि कचकन सुई टोचायच्या.

गल्लीत मशीन ही एकच. मग काय, हळूहळू ज्याची त्याची साखर ओट्यावर यायला लागली. समोरचे किराणावाले गुंडप्पा यायचे, रुमालात आपली डबी आणि आपली चिप बांधून. शेजारच्या चंद्रप्रभाबाई आपल्या निवृत्त गुरुजींना घेऊन यायच्या; मूळच्या तुळजापूरच्या, बोलणं स्वच्छ, वागणं टापटीप. गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची. पट्ट्या ज्याच्या त्याच्या, मशीन कस्तुराबाईंची आणि नंबर जुळवायचा मानही त्यांचाच. बाई प्रत्येकाची चिप घालायच्या, काढायच्या, ज्याची त्याला परत करायच्या. ओट्यावर रांगेत उपाशीपोटी बसलेली म्हातारी माणसं, बोटं चोखत, एकमेकांचे आकडे विचारत.

"किती आली, दगडोबा?"

"एकशे नव्वद."

"आमची दोनशे दहा. आज आमी फुडं!"

मग बिनसाखरेचा चहा. त्याला चव नव्हती, पण तो संपायला तास लागायचा. कुणाचं सोयाबीन बुरशीनं गेलं, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, तामलवाडीच्या पाहुण्यांनी काय कळवलं, सगळं त्या कपात. आता घरोघरी मशीन आहे. ज्यानं त्यानं दार लोटून बोट टोचावं आणि गप बसावं. शेजारच्याची साखर किती, हे शेजाऱ्याला ठाऊक नसतं. कस्तुराबाईंना त्या सकाळींची फार आठवण येते, इतकी की कधीकधी चहा नको वाटतो.

पण त्या चांगल्या दिवसांतच एकदा असं झालं, की दगडोबा जवळजवळ हातचे गेले होते.

दिवाळी सरली होती. गुरुजी तापानं अंथरुणाला खिळले, ओट्यापर्यंत येववेना. चंद्रप्रभाबाईंच्या पट्ट्याही संपलेल्या. कस्तुराबाईंनी मशीन आणि आपली डबी उचलून त्यांच्या हातात दिली. "घिऊन जावा. मालकांचं चार दिस ऱ्हायलं तरी चालंल. गुरुजी बरं झाल्यावर द्या निवांत." डबीत तेव्हा थोड्याच पट्ट्या उरल्या होत्या. गुरुजींच्या तापात त्या बघता बघता सरल्या. मग धाराशिवहून त्यांची स्वतःची नवी डबी आली, ताप उतरला, आणि मशीन व डबी परत करायची वेळ झाली.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. शेजारणीची वाटी कधी रिकामी परत जाते का? पिठाची वाटी नेली तर देताना शिगोशीग भरून द्यायची. विरजणाचं भांडं न्यायचं तर परत देताना तळाला चिमूटभर साखर तरी घालायची. रिकामं भांडं परत देणारीला गल्ली नावं ठेवते. चंद्रप्रभाबाई तर रीतीभातीला अशा पक्क्या, की दुसऱ्याची रिकामी डबी देणं त्यांच्या जन्मात शक्य नव्हतं. त्यांनी आपल्या नव्या डबीतल्या मूठभर पट्ट्या कस्तुराबाईंच्या डबीत भरल्या, झाकण घट्ट लावलं, पुसून घेतली आणि नेऊन दिली. नंबराचं काम कायम कस्तुराबाई करायच्या. तो डबीला असतो, मशीनला असतो, यापलीकडं या बाईंनी कधी डोकं चालवलं नव्हतं.

कस्तुराबाईंनी डबी हलवून पाहिली. भरलेली! "गुनाची बाई हाय," त्या दगडोबांना म्हणाल्या. "नेल्या त्याहून जास्त दिल्या." आणि दुसऱ्या सकाळी उन्हात धरून नंबर पाहिला. डबीवरचा आणि मशीनवरचा, तंतोतंत जुळला. जुळणारच की! डबी त्यांचीच होती आणि मशीनमधून कुणी न काढलेली चिपही त्यांचीच होती. नंबर काही पट्टीवर छापलेला नसतो.

दगडोबांचा आकडा आला दोनशे साठ.

"काय खाल्लं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"काय न्हाय."

"मंग ही वाढली कशी?"

"मला काय ठावं? मशीनला इचार."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. दगडोबांचा जुना लौकिक आडवा आला हो! ज्यानं म्हशीचा गूळ सोडला नाही, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? बाईंनी फडताळ धुंडाळलं, त्यांच्या कोटाचे खिसे उलटे केले, गुंडप्पांच्या दुकानात जाऊन बजावलं, की मालक आले तर गोळीबिस्कीट सुद्धा द्यायचं नाही. भर ओट्यावर, चार माणसांत, "ह्यांची जीभ काय ऱ्हात न्हाय, चोर हायती निस्ते," असं बोलल्या. गुंडप्पा फिदीफिदी हसले. दगडोबा हसले नाहीत. एरवी टोमण्याला टोमणा परत करणारा माणूस, त्या दिवशी उठून आत गेला.

बाई मागोमाग गेल्या, तर दगडोबा देव्हाऱ्यापुढं उभे. डोळे लाल झालेले.

"चोर म्हनलीस मला. चार मानसांत म्हनलीस. आता ऐक. आई तुळजाभवानीची शप्पत, गोडाचा कन जिभंवर ठिवला न्हाय म्या. आन हितून फुडं ठिवला तर तिचीच शप्पत. झालं समाधान?"

झालं नव्हतं. बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दुसऱ्या सकाळी नंबर जुळला आणि आकडा पुन्हा वरच आला. नवरा एक सांगतो, मशीन एक सांगते. बाईंनी मशीनचं ऐकलं. डॉक्टरनं सांगून ठेवलंच होतं, आकडा अमक्याच्या वर गेला तर सुईतलं औषध एवढं वाढवा. त्यांनी वाढवलं. दगडोबा बोलेनासे झाले होते. दुपारी अंग गळून जातंय, हात थरथरतात, असं एकदा म्हणाले. "शप्पत घ्यायची आन चोरून खायाचं, मंग थरथरनारच," बाई म्हणाल्या. किती कडू बोलतो माणूस आपल्या माणसाला!

अशात येळवस आली. वेळ अमावस्या म्हणजे आपल्या मुलखात गावं ओस पडायचा दिवस. पहाटेपर्यंत रांधायचं आणि अख्खं घर शेतात. दगडोबांच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर आंबील, आणि पातेलंभर गव्हाची खीर, गुळाची. ज्यांना शेत नाही त्यांना आपल्या शेतात जेवायला बोलवायचं, ही त्या दिवशीची रीत. म्हणून गुरुजी, चंद्रप्रभाबाई आणि गुंडप्पा दरसाल यांच्याच कोपीवर यायचे.

दगडोबांना सकाळी वाढीव सुई दिली होती. पूजा व्हायला, शेताभोवती आंबील शिंपडायला आणि पाहुण्यांची वाट पाहायला दुपार टळली. पंगत बसली. खिरीचं पातेलं पुढून गेलं, दगडोबांनी वर पाहिलंही नाही. रागाच्या भरात जेवलेही नाहीत; भज्जीचे दोन घास घेतले आणि उठून कोपीच्या सावलीला जाऊन पडले.

थोड्या वेळानं कस्तुराबाई पाणी घेऊन गेल्या, तर सदरा ओलाचिंब. पौषाच्या तोंडावरचे थंडीचे दिवस, आणि माणूस घामानं निथळतोय! हात लटलट कापत होते. त्यांनी बाईंकडं परक्यासारखं पाहिलं.

"तुमी कुन्या गावच्या, बाई?"

कस्तुराबाईंनी तांब्या टाकून त्यांचे खांदे धरले. "आवो! आसं काय करताय? म्या कस्तुरा!"

हाक ऐकून सगळे पानावरून उठून आले. बाईंनी पिशवीतून मशीन काढली. कुठंही जाताना ती बरोबर असायचीच. तशा घाईतही त्यांनी नंबर पाहिला. जुळला. बोट टोचलं. मशीन म्हणाली, एकशे तीस.

"एकशे तीस म्हंजी झकास हाय की, वैनी," गुंडप्पा म्हणाले. "उपाशीपोटी चक्कर आली आसंल. पडू द्या जरा."

गुरुजीही म्हणाले, की आकडा तर उत्तम आहे.

दगडोबांचे ओठ हलले. बाईंनी कान लावला. "उतरली," ते पुटपुटत होते. "उतरलीया... साखर उतरलीया."

एका हातात मशीन, दुसऱ्या हातात नवऱ्याचा गार पडत चाललेला हात. इतके दिवस बाईंनी मशीनचंच खरं मानलं होतं. आताही तिचं खरं मानलं, तर पडू द्यायचं, घाम पुसायचा, वाट बघायची. आणि ती खोटं बोलत असली, साखर खरंच तळाला गेली असली, तर? गोड पोटात गेल्याशिवाय माणूस वाचायचा नाही. त्यांनी मशीन भिरकावली ती कडब्यात जाऊन पडली. "मरू दे ती मशीन! माजा मानूस सांगतोय की!" असं ओरडून त्या धावल्या, खिरीची वाटी भरून आणली आणि दगडोबांचं डोकं मांडीवर घेतलं.

तर दगडोबांनी दात आवळले.

खीर ओठांवरून हनुवटीवर ओघळली. बाईंनी गाल दाबले, विनवण्या केल्या, रागावल्या. बायकोची ओळख नाही, गावाचं भान नाही, पण एवढं एक त्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दातांमधून तो म्हणाला, "न्हाय... शप्पत हाय. ती चोर म्हंती मला."

कस्तुराबाईंच्या काळजाचं पाणी झालं. माणूस जीव द्यायला निघालाय, आणि कशापायी, तर आपण चोर म्हणालो म्हणून!

"सुटली!" त्या गळा काढून ओरडल्या. "सुटली तुमची शप्पत! आई भवानी, म्या सोडवते गं, माज्या डोक्यावर पाप घाल. सुटली म्हना, मालक! खरं तुमचं हाय. एकवार सुटली म्हना!"

दगडोबांनी कुठूनतरी लांबून ऐकल्यासारखं पाहिलं. "...सुटली," ते म्हणाले, आणि तोंड उघडलं.

बाईंनी बोटानं खीर भरवली. आधी थोडी, गिळलीशी पाहून आणखी थोडी. जिनं घरातला गुळाचा खडा न् खडा दडवून ठेवला, तीच आता पातेल्यातली खीर नवऱ्याच्या तोंडात घालत होती आणि "खावा, अजून खावा" म्हणत होती. हळूहळू कापरं थांबलं. डोळ्यांत ओळख आली. दगडोबांनी आजूबाजूला पाहिलं, खिरीची वाटी पाहिली आणि गडबडीनं म्हणाले, "म्या न्हाय घेतली! हिनं घातली."

सगळे रडता रडता हसले.

चंद्रप्रभाबाई कडब्यातली मशीन उचलायला गेल्या. शेजारी डबी पडलेली, झाकण उडून पट्ट्या सांडलेल्या. त्या गोळा करता करता म्हणाल्या, "अहो कस्तुराबाई, मी भरून दिलेल्या पट्ट्या आहेत ह्या, सांडल्या की सगळ्या."

"भरल्या, पर कुठल्या डबीतल्या?" कस्तुराबाईंनी विचारलं. "कुठल्या?"

"आमच्या नव्या डबीतल्या. तुमच्या सगळ्या संपल्या होत्या. रिकामी डबी कशी परत देणार?"

कस्तुराबाईंनी एक पट्टी उचलून उन्हात धरली. डबी आपली, चिप आपली, आणि आतल्या पट्ट्या भलत्याच घाण्याच्या. गुंडप्पांनी आपल्या रुमालातली डबी आणि चिप सोडली. त्यांच्या पट्टीवर पुन्हा तपासलं, तर एवढी खीर पोटात गेल्यावरही आकडा जेमतेम सत्तर. चंद्रप्रभाबाईंना उमगलं. "देवा, माझ्या हातून काय झालं हे!"

"तुमी काय केलं?" कस्तुराबाई म्हणाल्या. "वाटी भरून दिली. ती कुनीबी दिली आसती, म्याबी दिली आसती. मालकांवर इस्वास न्हाय ठिवला तो म्या, त्याचा दोष तुमच्याकडं कशाला?"

मग त्यांनी दगडोबांकडं पाहिलं. दगडोबा कोपीला टेकून बसले होते.

"चोर कोन गं, कस्तुरे? म्या का मशीन?"

"मशीन," बाई म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. "मशीन चोर, आन म्या तिची साथीदार."

त्या दिवसापासून गल्लीत एक नवी रीत पडली. पिठाची वाटी भरून द्यायची, विरजणाचं भांडं भरून द्यायचं, पट्ट्यांची डबी मात्र रिकामीच द्यायची. आणि कस्तुराबाईंच्या ओट्यावर कायदा बदलला. आधी "कसं वाटतंय?" हे बोटाच्या मालकाला विचारायचं, मग नंबर, मग बोट.

वर्षं गेली. गुरुजी गेले, गुंडप्पा लेकाकडं सोलापूरला गेले, ओटा विरळ होत गेला. दगडोबा थकले, पण मशीन तीच आणि चिपही रोज त्याच पद्धतीनं जुळवायची. ते जायच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी बाईंनी नंबर पाहिला. डबी नवी, चिप तिचीच, पट्ट्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. आकडा आला दोनशे ऐंशी. बाईंनी मान वर केली. आदल्या संध्याकाळी भूमचे पाहुणे येऊन गेले होते, आणि दगडोबांच्या पांढऱ्या मिशीत पेढ्याचा चुरा अडकलेला स्वच्छ दिसत होता.

"काय खाल्लं?"

"काय न्हाय," दगडोबा म्हणाले. लहान पोरासारखी नजर चुकवत.

कस्तुराबाईंनी पदराच्या टोकानं त्यांची मिशी पुसली.

"न्हाय म्हंता ना? मंग न्हायच खाल्लं. ही मशीनच मेली खोटारडी हाय," त्या म्हणाल्या, आणि मशीनवरच्या आकड्याप्रमाणं सुईत औषध भरायला लागल्या.